दुसऱ्याच्या ताटात डोकावताना



नाशिकरोड, सातपूर, सिडको, पंचवटी, कुठेही जा. संध्याकाळी सातच्या सुमारास चौकाचौकात चायनीजच्या गाड्या लागतात. लाल फलक, त्यावर ड्रॅगनचे चित्र, कढईतून उठणारा जाळ आणि बाजूला बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग. आपली पोरे तिथे मंच्युरियन, नूडल्स, शेजवान राईस आणि चायनीज भेळ खातात. कढई हलवणारा पोरगा बहुधा नेपाळचा, नाहीतर आपल्याच वस्तीतला. चीन देश त्याने पाहिलेला नसतो आणि खाणाऱ्यानेही नाही. तरी त्या देशाविषयी एक गोष्ट प्रत्येकाला ठामपणे माहीत असते, ती म्हणजे 'ते लोक काय वाटेल ते खातात.' आज या एका वाक्याविषयी बोलायचे आहे.

मी सातपूरच्या एका लहान कारखान्यात कारकून आहे. आमच्याकडे पॅकिंगचे साहित्य तयार होते. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या शेठना एक यंत्र बघण्यासाठी चीनमधल्या ग्वांगझू शहरी जायचे होते. भावपत्रके, बिले आणि बँकेचे कागद माझ्या हातखालचे, म्हणून त्यांनी मला बरोबर नेले. मुंबईहून बँकॉकमार्गे गेलो आणि सहा दिवस राहिलो. शेठांनी बॅगेत खाकरे, लोणचे आणि चिवडा भरून घेतला होता. माझ्या बॅगेत सौभाग्यवतीने ठेच्याची बरणी घातली होती.

ग्वांगझू म्हणजे जुन्या पुस्तकांतले कँटन. दक्षिण चीनमधले हे मोती नदीच्या काठचे फार जुने बंदर. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाखांच्या वर भरली. नदीकाठी ६०० मीटर उंचीचा मनोरा आहे. तो रात्री रंग बदलत राहतो. तिथे पहिली मेट्रो १९९७ साली धावली, आणि आज त्या मेट्रोचे जाळे ६०० किलोमीटरच्या पुढे गेले आहे. मुंबईत पहिली मेट्रो आली ती २०१४ साली. १९५७ पासून दरवर्षी वसंतात आणि शरदात इथे व्यापारी जत्रा भरते. कोरोनाच्या काळात ती काही वर्षे बहुतांशी संगणकावर भरली, २०२३ पासून पुन्हा पूर्णपणे प्रत्यक्ष सुरू झाली. पाझू भागातल्या तिच्या दालनांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना पायाचे तुकडे पडतात. आफ्रिकेचे, अरबस्तानचे, आपल्या गुजरात-पंजाबचे व्यापारी खांद्याला पिशव्या अडकवून फिरत असतात. भाव सांगायला भाषा लागत नाही. समोरचा यंत्रावर आकडा टिपून दाखवतो, आपण तो खोडून दुसरा टिपायचा.

आता जेवणाविषयी सांगतो. घरी आल्यावर सगळ्यांनी तेच विचारले.

पहिल्या सकाळी उपाहारगृहात एक मोठा वाडगा पुढे आला. पाहतो तर भाताची पेज! आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याचे आदिवासी बांधव पेज पितात, कोकणातला शेतकरी पितो, आजारी माणसाला तर आपण सगळेच देतो. ग्वांगझूत तिला 'जूक' म्हणतात. तांदूळ पार विरघळेपर्यंत शिजवतात, वर आल्याचे बारीक तुकडे आणि कांद्याची पात घालतात. कुणी त्यात मासा टाकतो, कुणी डुकराचे मांस, कुणी काळी पडेपर्यंत मुरवलेली अंडी. गरीब-श्रीमंत दोघेही तीच पेज पितात.

सुट्टीच्या दिवशी तिथली कुटुंबे सकाळी 'यम चा'ला जातात. शब्दाचा अर्थ नुसता चहा पिणे असा. आपला 'चहा' हा शब्दही मूळ तिकडचाच आहे. आजी-आजोबा, लेकी-सुना, नातवंडे एका गोल टेबलाभोवती बसतात. आधी गरम चहाने वाट्या विसळून घेतात. मग वेताच्या लहान करंड्यांतून वाफेवर उकडलेले पदार्थ येतात. पारदर्शक पारीत कोळंबी भरलेल्या करंज्या, तांदळाच्या पिठाच्या मऊ गुंडाळ्या, आत मांस भरलेले पांढरे पाव. कुणी कपात चहा ओतला की समोरचा दोन बोटांनी टेबलावर हळूच टकटक करतो. ते झाले धन्यवाद. तिखट जवळजवळ नाहीच. लाल शेजवान चटणी आणि मंच्युरियन मला सहा दिवसांत कुठेच दिसले नाही. दिसणार कसे? मंच्युरियन हा पदार्थ नेल्सन वाँग या कलकत्त्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्याने १९७५ साली मुंबईत तयार केला असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची या आपल्या वाटणात त्याने सोयाबीनचा रस घातला आणि मक्याच्या पिठाने दाटपणा आणला. म्हणजे आपल्या गाडीवरचे चायनीज हे मुंबईचे लेकरू आहे.

तिसऱ्या दिवशी यंत्र विकणाऱ्या कंपनीने आम्हा सात-आठ भारतीयांना रात्री जेवायला बोलावले. यजमान एक चाळिशीची बाई होती, कंपनीची विक्री तीच पाहते. टेबलाच्या मधोमध फिरती काच होती. सगळे पदार्थ त्या काचेवर ठेवतात आणि ज्याला जे हवे तो काच फिरवून घेतो. कंपनीचा मालक, विक्रीची बाई, आम्हाला घेऊन आलेला गाडीचालक सगळे एकाच टेबलाला बसले आणि एकाच भांड्यातून घेऊ लागले. आमच्या शेठसाठी तिने आधीच विचारून लसूण घातलेली पालेभाजी, टोफू आणि पांढरा भात मागवला होता. आमच्यासाठी मासा, बदक आणि वाफवलेले कोंबडीचे पाय.

कोंबडीचे पाय आले आणि आमच्यातल्या एका व्यापाऱ्याने शेजाऱ्याला कोपर मारले. हसत हसत हिंदीत म्हणाला, हे लोक काहीही खातात, जनावरच आहेत. मग मोबाइलवर फोटो काढला आणि कुठल्याशा गटावर पाठवून दिला. त्या बाईला हिंदी येत नव्हते, पण हसण्याची भाषा कुणाला कळत नाही? ती क्षणभर थांबली, मग काच फिरवून तिने ती वाटी आपल्याकडे घेतली.

बंधू-भगिनींनो, ते हसणे मी ओळखतो. तुम्हीही ओळखता. शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या डब्याभोवती जागा मोकळी राहायची ती याच हसण्यामुळे. भाड्याने खोली पाहायला गेल्यावर 'तुमच्याकडे काय काय चालतं?' हा प्रश्न याच सुरात येतो. वरून तो जेवणाविषयी असतो, आतून जात विचारलेली असते. माणसाला खालचा ठरवायचा असेल तर त्याच्या ताटापासून सुरुवात करतात, ही जुनी रीत आहे. २०२० साली कोरोना आला तेव्हा दिल्ली-मुंबईत मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या, ती याच रीतीची पुढची पायरी होती.

दुसऱ्या संध्याकाळी मी एकटाच जुन्या बाजारपेठेत फिरलो. एका कोपऱ्यावर बाई मोठ्या पातेल्यात काहीतरी उकळत होती आणि समोर रांग लागली होती. जवळ जाऊन पाहिले. बैलाची वजडी, फुप्फुस, आतडी, बरोबर पांढऱ्या मुळ्याचे जाड तुकडे. ती कात्रीने तुकडे करून कागदी वाटीत घालत होती. त्या पदार्थाला तिथे 'न्गाउ चाप' म्हणतात आणि शहराची ओळख म्हणून पाहुण्यांना आवर्जून खायला सांगतात. कोट-टाय घातलेली माणसे रस्त्यात उभी राहून तो खात होती. बाजूच्या दुकानात डुकराचे रक्त थिजवून केलेल्या वड्या पेजेत टाकून देत होते. आपल्याकडची रक्ती आठवली. वजडी, मुंडी, पाया, चानी ही नावे आपल्या घरातली. पण आपण ती पाहुण्यांसमोर घेताना आवाज खाली आणतो. ग्वांगझूत त्याच जिनसांना पाटी लावून विकतात. मी एक वाटी घेतली. चव ओळखीची होती, फक्त तिखट नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर घोटाळा होईल. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे बजावले. ते त्यांनी का सांगितले? गावकीने लादलेले काम आणि त्या कामाच्या बदल्यात पदरात पडणारे मढ्याचे मांस, ही गुलामीची खूण होती. ती खूण पुसायची होती. आपल्या वाडवडिलांनी ते ऐकले, उपाशी राहिले, पण ऐकले. ते मांस सोडणे हा स्वाभिमान होता. याचा अर्थ आपल्या चुलीवरचा प्रत्येक पदार्थ लाजिरवाणा झाला असा मात्र होत नाही. लादलेले अन्न वेगळे आणि हाताच्या चवीने, काटकसरीने, एकही तुकडा वाया न घालवता रांधलेले अन्न वेगळे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले पदार्थ कृतीसह लिहून ठेवले. मराठीत पाककृतींची पुस्तके ढिगाने आहेत, पण या चुली त्यांत जवळजवळ नव्हत्याच.

आता पुन्हा आपल्या नाक्यावरच्या गाडीकडे येऊ, कारण तिच्या पाटीवरच्या एका शब्दात मोठा इतिहास दडला आहे. 'हक्का नूडल्स' आपण सहज म्हणतो. हक्का हे लोकांचे नाव आहे. ज्या ग्वांगडोंग प्रांताची राजधानी ग्वांगझू, त्या प्रांतातल्या हक्का लोकांची अनेक कुटुंबे कलकत्त्याला येऊन स्थायिक झाली. तिथे त्यांनी कोणता धंदा धरला? कातडी कमावण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टांगरा भागात त्यांनी कातड्याचे कारखाने काढले. वरच्या जातींना हे काम विटाळाचे वाटत होते, म्हणून ती जागा मोकळी होती. त्यांच्या कारखान्यांत मजुरी करायला बिहारचे चर्मकार बांधव होते. १९६२ चे चीनशी युद्ध झाले तेव्हा या देशात जन्मलेल्या चिनी वंशाच्या हजारो माणसांना, बायकापोरांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. पुढे १९९६ साली प्रदूषणाच्या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने टांगऱ्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले. तोवर तिथे खाणावळी निघाल्याच होत्या, त्या आणखी वाढल्या. ज्या हातांचा कातड्यामुळे विटाळ मानला गेला, त्या हातांची चव आज देशभर गाड्यांवर विकली जाते. खाताना कुणी जात विचारत नाही.

आणि 'ते काय वाटेल ते खातात' असे म्हणणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की आपल्या मुंबईने त्या शहराला काय चारले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईचे व्यापारी कँटनला जात. तिकडून चहा आणि रेशीम यायचे, इकडून कापूस जायचा, आणि त्याबरोबर माळव्याची अफू. सर जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. कापूस आणि अफूच्या या व्यापारातून मिळालेल्या पैशातून त्यांनी मोठा दानधर्म केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच नावाचे. पण त्या अफूने चीनमधली लाखो घरे बसली. १८३९ साली लिन झेशू या अधिकाऱ्याने कँटनजवळ जप्त केलेली अफू नष्ट केली, तेव्हा इंग्रजांनी युद्ध पुकारले. इतिहासाच्या या खातेवहीत आपली बाजू कोरी नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी दुपार मोकळी मिळाली. मेट्रोने शिमनकौ स्थानकावर उतरून मी ग्वांगश्याओ विहार पाहायला गेलो. आपल्या त्रिरश्मी लेण्यांवर कोष्ट्यांच्या श्रेणीकडे ठेवलेली रक्कम आणि तिचे व्याज कोरून ठेवलेले आहे, हे आपण जाणतो. व्यापारी आणि भिक्खू तेव्हापासून एकाच वाटेने चालत आले. उज्जैनचा परमार्थ हा थोर भाषांतरकार भिक्खू ५४६ साली व्यापारी जहाजांच्या वाटेने याच बंदराच्या प्रदेशात उतरला आणि ५६९ साली याच शहरात वारला. विहाराच्या आवारात बोधिवृक्ष आहे. त्याच्याजवळ एक लहान स्तूप आहे. त्याखाली हुइनेंगचे केस पुरले आहेत असे सांगतात.

हा हुइनेंग कोण? जन्म ६३८ सालचा. बाप लवकर गेला, आई आणि तो मोळ्या विकून पोट भरत. अक्षरओळख नाही. दक्षिणेकडचा, म्हणजे उत्तरेच्या लोकांच्या लेखी रानटी. तो उत्तरेला आचार्य होंगरेन यांच्या विहारात गेला, तेव्हा तुझ्यासारखा दक्षिणेचा रानटी बुद्ध कसा होणार, असे त्याला विचारले गेले. प्रदेशाचा भेद माणसांत असेल, बुद्ध होण्याच्या पात्रतेत तो नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्याला भात कांडायला बसवले. पुढे तोच मोळीविक्या चीनमधल्या ध्यानपंथाचा सहावा आचार्य ठरला. परंपरा सांगते की मधली पंधरा वर्षे तो शिकाऱ्यांमध्ये लपून राहिला. त्यांचे मांस शिजत असताना त्याच भांड्यात तो भाजी टाकी आणि फक्त भाजी खाई. त्याने आपला नियम सोडला नाही आणि शिकाऱ्यांची पंगतही सोडली नाही. ६७६ साली याच ग्वांगझूच्या विहारात त्याची रीतसर प्रव्रज्या झाली.

चिनी भिक्खू सहाव्या शतकापासून शाकाहारी आहेत. लियांगच्या वू सम्राटाने तो दंडक घातला. तथागतांच्या काळी मात्र भिक्खूने पात्रात पडेल ते घ्यावे, केवळ आपल्यासाठी मारलेले असे पाहिले, ऐकले किंवा संशय आला तर ते घेऊ नये, असा नियम होता. देवदत्ताने संघाला मांसबंदी सक्तीची करा असा आग्रह धरला होता, तथागतांनी तो मान्य केला नाही. आपल्यात कुणी मांस सोडले असेल त्याचा मान राखावा, कुणी खात असेल त्यालाही नावे ठेवू नयेत. नियम स्वतःच्या ताटापुरता असतो.

एवढे सांगितले म्हणून चीनमध्ये सगळे गोड आहे असे समजू नका. २००२ च्या अखेरीस सार्सचा आजार याच प्रांतात सुरू झाला. रानटी जनावरे बाजारात जिवंत विकण्याच्या प्रकाराशी त्याचा संबंध लागला. २०२० साली तिथल्या सरकारनेच वन्य प्राणी खाण्यावर बंदी घातली. त्या व्यवहारावर टीका करायला हरकत नाही, कारण ती आरोग्याची गोष्ट आहे. पण टीका एका व्यवहारावर असते, शिवी साऱ्या माणसांना बसते. हा फरक आपण सोडू नये. दुसरे असे की या झगमगत्या शहरातले कित्येक कामगार खेड्यांतून आलेले आहेत. त्यांची घरनोंदणी गावाकडची असते, त्यामुळे मुलांची शाळा आणि दवाखाना यांचे हक्क शहरात पुरते मिळत नाहीत. सरकारमान्य संघटनेखेरीज स्वतंत्र कामगार संघटना काढता येत नाही. सातपूर-अंबडच्या कामगाराला गेटसमोर झेंडा लावता येतो, त्याची किंमत तिथे गेल्यावर कळते. बाबासाहेबांनी १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा त्यांचा भर याच गोष्टीवर होता. पोटाला भाकरी मिळाली तरी माणसाचे स्वातंत्र्य उरले पाहिजे.

यंत्राचा व्यवहार ठरला, कागद झाले, आम्ही परत आलो. त्या व्यापाऱ्याने पाठवलेला फोटो नंतर माझ्याही मोबाइलवर आला, खाली हसणारे चेहरे टाकलेले. मी तो पुढे पाठवला नाही. आपल्या वस्तीच्या गटांवरही असे फोटो फिरतात. कधी चिन्यांचे, कधी नागांचे, कधी आपल्याहून गरीब असलेल्या भटक्या समाजाचे. ज्यांच्या ताटावर पिढ्यान्पिढ्या लोक हसले, त्यांच्या पोरांनी दुसऱ्याच्या ताटावर हसावे, यासारखे दुःख नाही. हा पाहुणचार आपण घरातूनच थांबवू शकतो.

एक काम सुचवतो. येत्या रविवारी घरातल्या आजीला, आत्याला, मावशीला मुलांसमोर विचारा : तुमच्या लहानपणी दुष्काळात काय शिजायचे, सणाला काय शिजायचे, त्याला काय नाव होते, कसे करत? १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या बाया अजून आपल्यात आहेत. त्या सांगतील ते वहीत लिहून काढा, पदार्थाचे खरे नाव लिहा, लाजून बदलू नका. कारकुनी अनुभवावरून सांगतो, जे खात्यात लिहिले जात नाही ते पुढे कुणी देणे मानत नाही. वही भरली की त्यातला एखादा पदार्थ मुलांना करून घाला आणि तो कुणी, कोणत्या दिवसांत केला तेही सांगा. मग ती मुले मोठेपणी कुठल्याही देशाच्या टेबलावर बसली, तरी समोरच्या वाटीकडे बोट दाखवून हसणार नाहीत.

नमो बुद्धाय. जयभीम.